हळदीला न पोचलेला आवाज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट उमगत नाही.

बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावात माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून मी रेकॉर्डिंगची जागा केली होती. दुपारी तिथं बसलं की बाहेरचा बाजार पाण्याखाली बुडाल्यासारखा वाटायचा. तिथंच कौसाअक्का आली. शेजारच्या गल्लीतली, नवरा कधीचाच गेलेला, ऊसतोडीवरून नुकती परतलेली. पोरीची हळद जवळ आली होती, आणि आमच्याकडं विधवा बाई हळदीत गात नाही.

"मला तिथं उभं ऱ्हाता येत न्हाई, भाऊ. पर आवाजाला कुंकू कोन बघतंय? तू भरून घे आन् हळदीत वाजीव," म्हणाली, आणि स्वतःच हसली.

ती डोळे मिटून गायली. हेडफोनमधून तो आवाज येत होता आणि मला वाटलं, कुणीतरी माझेही हातपाय हळदीनं माखतंय, हळूहळू — कसं सांगू?

हळदीच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटरवर अपडेट आलं. लग्नाच्या व्हिडिओसाठी त्यात नव्या करामती होत्या. जुने जोडलेले प्रोग्राम चालतीलच असं नाही, हेही लिहिलं होतं. मी वाचलं. तरी दाबलं. आवाज साफ करायचा प्रोग्राम बंद पडला, आणि त्यात ठेवलेलं अक्काचं गाणं उघडेना. वेगळी प्रत मी काढलीच नव्हती. अपडेटवाल्या कंपनीला फोन लावला — ते म्हणाले, आवाजाच्या प्रोग्रामवाल्यांनी आपला प्रोग्राम सुधारायला हवा होता. प्रोग्रामवाले म्हणाले, अपडेटवाल्यांनीच न सांगता बदल केला. चूक कुणाची? दोघांचीही असेल. पण बटण कुणी दाबलं?

आणि तरी, मला सांगायचंय ते हे नव्हेच.

संध्याकाळी अक्का दुकानाच्या पायरीशी आली. मी म्हणालो, "अक्का, तुझा आवाजच नीट आला न्हाई. लई चिरकला."

"आसंल, भाऊ. उसाच्या फडातल्या धुळीनं घसा गेला आसंल. तुला उगं तरास दिला."

हळदीला डीजे वाजला. मी कॅमेऱ्यातून बघत होतो — नवरी पुन्हा पुन्हा स्पीकरकडं बघायची. आईनं तिला सांगून ठेवलं असणार. अक्का पत्र्याआड उभी होती.

काही महिन्यांनी पुढचं अपडेट आलं आणि फाइल अलगद उघडली. आवाजात एकही चिरक नव्हती. मी शेवटपर्यंत ऐकलं — आणि बंद केलं. अक्काला ती फाइल दिली असती, तर माझं खोटं उघडं पडलं असतं ना?

अक्का आता गात नाही. नातवाला निजवताना नुसती थोपटते. कुणी गाणं म्हण म्हटलं, तर सांगते, "माझा आवाज चिरका हाय."

तिचा आवाज चांगला होता. हे तिच्या तोंडावर सांगणं आणि ते गाणं तिच्या हाती देणं, दोन्ही माझ्याकडून अजून बाकी आहे.