लॅपटॉप दुकानात, आम्ही बेळगावात

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. गाडीच्या डिकीत रिकाम्या पिशव्या साचतात तसे ते साचतात. एक शोधायला जावं तर चार हाताला लागतात. मी गोव्यातल्या साखळी गावचा, काजूगरांचा व्यापारी. वसंतबाब धारगळचा, हार्डवेअरवाला. बेळगावची फेरी आम्ही एकाच गाडीतून करतो. कारखान्यातला माझा भागीदार दत्ताबाब शिरगावचा. तो मागे राहून काम बघतो.

फेरीला लॅपटॉप न्यायचा मी सोडला तो चोर्ला घाटात. मांडीवर उघडून बसलो, वळणं सुरू झाली आणि सकाळचा नाश्ता थेट की-बोर्डावर! वसंतबाबाने गाडी बाजूला घेतली, पाण्याची बाटली दिली आणि शांतपणे म्हणाला, "आता कंट्रोल झेड मार बघू."

तेव्हापासून खिशात मोबाइल आणि घडीचा छोटा की-बोर्ड. वसंतबाबाला तो बघून हसू आवरेना. "हें कितें रे? मोबाइलाक खाट हाडल्या?" म्हणजे मोबाइलला खाट आणलीस का. स्वतः मात्र लॅपटॉप तान्ह्या पोरासारखा पोटाशी धरून बसायचा.

एकदा वाटेवरच्या हॉटेलात व्हिडिओ कॉल आला. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलच्या खरेदीवाल्याला गर बघायचे होते. मोबाइल टेकवायला काही नाही, म्हणून बशीतला उंडो उभा केला. कडक पाठीचा पाव, टेकू झकास. मी मूठभर गर पुढे धरले, तर खरेदीवाला म्हणतो, "साहेब, मला पंखा दिसतोय." वसंतबाबाने भाजीबरोबर माझा स्टँड खाल्ला होता.

त्याचं फळ त्याला बेळगावात मिळालं. घाऊकवाल्यासमोर ऐटीत लॅपटॉप उघडला आणि त्यावर अपडेट सुरू झालं. चहा आला, संपला, गोल फिरतच होतं. शेवटी घाऊकवाला शटर ओढून जेवायला गेला. पुढच्या फेरीला वसंतबाबही नुसता मोबाइल घेऊन आला. मी जिंकलो असं मला वाटलं.

आणि नेमकी तीच ती फेरी. त्या मोठ्या हॉटेलला वर्षभर गर पुरवायचे, त्याचा दर दुपारी एकच्या आत ऑनलाइन भरायचा होता. आमच्याकडे गर सोलणाऱ्या बायका सीझन संपला की घरी बसतात. हे काम मिळालं तर त्यांना बारा महिने काम; नाही तर पुढच्या आठवड्यात कुलूप.

बेळगावात गाडीत बसून मी मोबाइलवर दर टाकला. दुकानातला लॅपटॉप त्या साइटच्या ओळखीचा, मोबाइल नवखा. साइट म्हणाली, कोड टाका. कोड गेला दत्ताबाबाच्या नंबरवर, कारण नोंदणी त्याच्या नावाची. आणि दत्ताबाब लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रतकरी भक्त. जत्रा तोंडावर आलेली, म्हणून व्रताला बसलेला. तळीवर, म्हणजे तळ्याकाठी राहायचं, आंघोळ करून हातानं रांधायचं, बाहेरच्याला शिवायचं नाही. फोन घरी.

त्याच्या घरी वहिनींना फोन लावला. त्यांनी त्याचा फोन शोधला, पण तो उघडतो दत्ताबाबाच्या अंगठ्यावर. पिन त्यालाच आठवत नाही. वहिनी तशाच निघाल्या, एका हातात त्याचा फोन, दुसऱ्या हातातल्या फोनवर मी. त्यांची धाप मला ऐकू येत होती. वसंतबाब घड्याळ बघायचा, मग माझ्याकडे, आणि तोंड फिरवायचा.

त्या तळीवर पोचल्या. दत्ताबाब लांबूनच म्हणाला, आधी त्या फोनला न्हाऊ घाल.

"वहिनी, पाणी नको," मी ओरडलो. तोवर तांब्या ओतल्याचा आवाज आला.

दत्ताबाबाने खाणीवर कामाला असताना घेतलेला रबरी कवचाचा फोन, धुळीला-पाण्याला न भिणारा. तो वाचला. पण दत्ताबाब नुकताच बुडी मारून आलेला. ओला अंगठा फोन ओळखेना. पुसायला नेसलेलं धोतर, तेही निथळतंय. वहिनी म्हणाल्या, "फुंकर घालतायत, भावजी." वसंतबाब इथे गाडीत बसून नकळत फुंकायला लागला.

अखेर फोन उघडला. मी कोड नव्याने मागवला आणि पलीकडून एकेक आकडा आला. मी टाकला. हिरवी खूण उमटली आणि लगेच मुदत संपल्याची पाटी आली. दर आत गेला होता. पुढे काम आम्हालाच मिळालं.

मी वहिनींना म्हटलं, उपकार झाले, आता फोन घेऊन सावकाश घरी जा.

"कसला फोन, भावजी?" त्या म्हणाल्या. "तो आता सोवळ्यात गेला. जत्रा होईपर्यंत मला शिवू देत नाहीत."