हात लावल्याशिवाय

कशाबद्दलही मत द्यायचं झालं की काका आधी उजव्या हातातला हातमोजा काढायचे. मग ती गाडीची काच असो, दारातला बर्फ असो, नाहीतर पॉटलकच्या जेवणातलं छोल्यांचं पातेलं. "गरम आहे का, काका?" असं कुणी विचारलं तर पातेल्याला तळवा टेकवून मगच ते उत्तर देत. "हात लावल्याशिवाय नाही सांगत मी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तुमच्याही ओळखीत अशा एका वाक्याचा माणूस असेल. मिशिगनमधल्या ट्रॉय गावातली आमची मुलं काकांची नक्कल करायची आणि आम्ही मोठेही हसायचो.

काका मूळचे नागपूरचे. काकू नर्स म्हणून मिशिगनला आल्या, त्यांच्यामागून हे आले. गाड्यांच्या कारखान्यात काही वर्षं काढली, ती नोकरी गेली आणि पन्नाशीत ते विमानतळावर लागले. काम काय, तर हिवाळ्यात उड्डाणाआधी विमानांच्या पंखांवरचा बर्फ काढायचा. आम्ही सगळे कॉम्प्युटरवाले. "काका विमानं धुतात" असा विनोद आमच्यात चालायचा. त्यांच्या कानावर तो गेला असणारच. पण फोन उचलताना ते नेहमीसारखंच शांतपणे "जय भीम" म्हणत आणि कुणाला विमानतळावर सोडायचं आहे का, हे स्वतःहून विचारत.

मी २००२ साली त्यांच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहायला आलो. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी ऑफिसला निघालो, तर काका पार्किंगमध्ये उकिडवे बसून डांबरावरून हात फिरवत होते.

"पाय नको टाकू, बाबू."

"नुसतं ओलं तर आहे, काका."

"ओलं नाही ते. हात लावून पाह्य."

मी पुण्याचा. दुसऱ्याने सांगितलेलं मला लगेच पटत नाही. एक पाऊल टाकलं आणि लॅपटॉपसकट पाठीवर आपटलो. काकांनी हसू कसंबसं आवरलं, मला उठवलं आणि त्या दिवशी त्यांचं काम पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. पांढरा बर्फ दिसतो, त्याची भीती कमी. पारदर्शक बर्फ बसला तर पंख नुसता ओला वाटतो. त्या पातळ थरानेही पंखाचा आकार बिघडतो आणि विमान नीट वर उचललं जात नाही. म्हणून बर्फ वितळवणारं औषध फवारल्यावरही शंका आली की ते हातमोजा काढून पंखाला तळवा लावत. "आत दीडशे माणसं बसून असतात," ते म्हणाले. "त्यांना काय दिसते?"

दोन वर्षांनी, जानेवारीत, पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. बाबा आयसीयूत होते आणि डॉक्टरांनी फार तर दोन दिवस सांगितले होते. मी मिळेल ते तिकीट काढलं. न्यूअर्कला विमान बदलून मुंबई. निघायच्या सकाळी बारीक पाऊस पडत होता आणि पडेल तिथे गोठत होता. मी काकांना कामावर फोन लावला.

"काका, माझी फ्लाइट सुटेल ना? बाबा थांबलेत हो माझ्यासाठी."

ते म्हणाले, "सुटेल, बाबू. ये तू."

मला पंखाच्या मागची खिडकी मिळाली. आधी नारंगी, मग हिरवं औषध पंखावर फवारलं गेलं. पण पुढे विमानांची रांग होती, आणि त्या औषधाचा परिणाम ठरावीक मिनिटंच टिकतो. ती संपत आली तेव्हा कॅप्टनने विमान पुन्हा तपासणीला आणलं. क्रेनवरचा पाळणा माझ्या खिडकीजवळ आला. आतल्या माणसाचा चेहरा टोपी आणि मफलरमध्ये झाकलेला होता. त्याने उजवा हातमोजा काढला आणि मी ओळखलं.

काकांनी पंखावर तळवा ठेवला. थोडा सरकवून परत ठेवला. मी काचेच्या आतून त्यांना हात जोडले. त्यांनी खिडक्यांकडे पाहिलंच नाही. मग हात उचलला, नकारार्थी मान हलवली आणि रेडिओवर काहीतरी सांगितलं.

पुन्हा फवारणी सुरू झाली, पण तोवर पाऊस वाढला आणि फ्लाइट कॅन्सल झाली. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघालो. न्यूअर्कला उतरून फोन लावला तर भाऊ रडत होता. बाबा गेले होते. आदल्या दिवशी निघालो असतो तर या वेळी त्यांच्याजवळ असतो, हेच मुंबईपर्यंत मनात घोळत राहिलं.

परत आल्यावर मी काकांशी बोलणं टाकलं. चुकतोय हे कळत होतं, पण राग कुणावर तरी काढायचा होता आणि ते शेजारीच होते. मार्च संपत आला तेव्हा एका रविवारी तेच आले आणि दारात उभे राहिले.

"विमान थांबवलं त्याची माफी नाही मागणार," ते म्हणाले. "पंखावर बर्फ होता. पण फोनवर मी सुटेल म्हटलं. तुझा आवाज ऐकला अन् राहवलं नाही. हात न लावता बोललो. त्याची मागतो."

बाबा गेल्यानंतर मी त्या दिवशी पहिल्यांदा रडलो. काका आत आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसले.

२००७च्या हिवाळ्यात काका गेले. यकृताचा कॅन्सर होता. शेवटच्या आठवड्यात काकू जेवायला गेल्या की मी हॉस्पिटलमध्ये त्यांच्यापाशी बसायचो. बाहेर बर्फ पडू लागला की ते मान उचलून खिडकीकडे बघत, मग थकून डोळे मिटत. एका दुपारी त्यांनी विचारलं, "बाबू, घरी जाईन ना मी?"

"जाल की" हे शब्द ओठांवर आले होते. मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. इतक्या हिवाळ्यांत उघडा पडून खरखरीत झालेला तो तळवा गार होता, आणि बोटांत जोर उरला नव्हता. मी काहीच बोललो नाही.

काका माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान हलवली, त्या दिवशी पंखापाशी हलवली होती तशीच.

"बरोबर," ते म्हणाले. हात मात्र त्यांनी माझ्या हातात तसाच राहू दिला.