दात गेलेली मोटार

लढाई सुरू असतानाच्या एका पौषात, मंगळवारी सकाळी, देवगाव फाट्याहून सेलू स्टेशनकडे निघालेली सर्व्हिस मोटार ओढ्याच्या उतारावर सुटली आणि मोरीखाली उलटली. आत नऊ प्रवासी होते. एक दगावला. तो मोटार चालवणाऱ्या डायवरअप्पांचा थोरला भाऊ होता. टपालाची थैली घेऊन मी अप्पांच्या शेजारी बसलो होतो.

अप्पा मेंढपाळाच्या घरचे. मोटारीविषयी ते मेंढीच्याच भाषेत बोलत. चढावर ती थांबली की ‘धाप लागलीय’, टायर फाटला की ‘खूर सडला’. सेलूच्या कचेरीत जाणारे वकील हसत. अप्पा हसत नसत. ते खाली उतरून बोनेटवर तळहात ठेवत, थोडा वेळ तसेच उभे राहत आणि मग काय बिघडले ते सांगत. बहुतेक वेळा ते बरोबर निघे.

मोटार हैदराबादेहून आणली तेव्हाच ती जुनी होती. पुढे एका उन्हाळ्यात मीटरचे सगळे आकडे भरले आणि पाचही घरांत शून्य आले. अप्पांनी मोटार रस्त्यातच उभी केली, फाट्यावरून गूळ-फुटाणे आणवले आणि प्रवाशांना वाटले. “पुन्हा पोरगी झाली ही,” ते म्हणाले. एका म्हातारीने मोटारीच्या चाकाला खरेच कुंकू लावले.

थोरल्या भावाचा कळप हिवाळ्यात फाट्याजवळ बसे. तो मोटारीत कधी बसत नसे. एकदा मोटार बंद पडलेली पाहून तो काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला.

“काय रं, म्हातारीनं बसकण मारली का?”

“दम घ्यायलीय, दादा.”

“आपल्या आबांनी कवाच बाजार दाखवला असता. दात गेले की मेंढी इकायची. पावसाळ्याच्या आत. तुला ठावं न्हाई?”

“मेंढीला कळप असतो. हिला मीच हाय.”

“आन् तुला कोण हाय? हीच?” भाऊ म्हणाला आणि स्वतःच मोठ्याने हसला. अप्पांनी हँडल फिरवायला घेतले.

लढाईच्या आदल्या साली परभणीच्या एका व्यापाऱ्याने जुनी मोटार ठेवून घेऊन नवी देण्याची तयारी दाखवली होती. अप्पा दोन दिवस परभणीत राहिले. नवी चालवून पाहिली. परतले ते जुनीच घेऊन. मी विचारले, तेव्हा म्हणाले, “नवी लय गुणाची हाय. पण मुकी हाय, टपालवाले. कुठं दुखतंय ते सांगत न्हाई. पुढल्या साली बघू.”

पुढल्या साली लढाई लागली. नव्या मोटारी यायच्या थांबल्या, टायर परवान्यावर मिळू लागले. त्यानंतर अप्पांनी नव्या मोटारीसाठी माझ्याकडून तीन दरखास्ती लिहून घेतल्या. एकीचेही उत्तर आले नाही. बदलता येत होती तेव्हा त्यांनी ती बदलली नाही. बदलायची ठरवली तेव्हा ती मिळत नव्हती.

तोवर गियरचे दात झिजले होते. उतारावर दुसरा गियर आपोआप निसटे. ब्रेकवर भरवसा नव्हता. उतारावर मोटार धरून ठेवी ती गियरच. म्हणून अप्पा गियरचा दांडा चामड्याच्या वादीने बैठकीच्या लोखंडाला बांधत. ओढा आला की बांधत, ओलांडला की सोडत. प्रवाशांना त्याची सवय झाली होती. मी एकदा म्हणालो, “अप्पा, आता मोटार उभी करा.”

“उभी करून मी कुठं जाऊ?” ते म्हणाले. “मेंढरं आता मला वळखत न्हाईत. एवढी सुगी होऊ द्या.”

ही सुगी त्यांनी दोनदा होऊ दिली.

त्या मंगळवारी भावाला पाठीवर घेऊन त्याची बायको फाट्यावर आली. पायात बाभळीचा काटा मोडून पाय मांडीपर्यंत सुजला होता. सेलूच्या दवाखान्यात न्यायचे होते. अप्पांनी बैलगाडी विचारली. गाडीला दुपार झाली असती.

“दादा, चालंल का हिच्यातून?”

“उचलूनच न्यायचंय, मग काय इचारतो? टाक आत.” मागच्या बाकावर आडवा होताना तो म्हणाला, “हाड तेवढं मोडू नको रं माझं.”

ओढ्याच्या अलीकडे अप्पांनी दुसरा गियर टाकला आणि दांडा बांधला. मी गाठ पाहिली. ती नीट होती. उताराच्या मध्यावर खालून कडकड असा आवाज आला आणि मोटार हलकी झाली. दांडा वादीत जागच्या जागी होता, आत दात उरले नव्हते. मोटार मोकळी धावत होती. अप्पा ब्रेकवर उभे राहिले. मागे वळून त्यांनी एकदाच हाक मारली, “दादा, धर!” धरायला भावाजवळ काही नव्हते.

पंचनामा संध्याकाळी झाला. पोलीस अमीन, म्हणजे तिथले फौजदार, अप्पांना ओळखत होते. ते म्हणाले, “अचानक बिघाड झाला, असेच ना?” अप्पांनी होय म्हटले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते. अप्पा म्हणाले, “दात गेले होते. मला म्हाईत होतं.” मुनशीने ते उर्दूत उतरवले आणि वाचून दाखवले: मयताचे दात गेले होते, हे भावास माहीत होते. अमीनसाहेबांनी सही केली. अप्पांनी अंगठा उठवला. मी दुरुस्ती सांगितली नाही.

अप्पांवर खटला झाला नाही. मोटार मोरीखालीच राहिली. लोकांनी आधी पत्रे, मग बाके नेली. अप्पा भावाच्या दारात गेले आणि कळप राखतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी भावजय मेंढरे घेऊन निघाली तेव्हा ते मागून चालू लागले. तो सबंध हिवाळा मी त्यांना फाट्यावरून पाहत असे: पुढे ती, मध्ये मेंढरे, मागे अप्पा. ती दोघे बोलताना मला दिसली नाहीत. एकदा मी रस्ता ओलांडून गेलो आणि “अप्पा, बरे आहात?” असे विचारले. ते म्हणाले, “मेंढरं पुढं जायलीत,” आणि गेले.

पावसाळ्यात कळप दूर गेला. पुढच्या पौषात तो परत फाट्यावर आला. त्याच्यामागे कोणी नव्हते. भावजय पुढे होती. मी अप्पांविषयी विचारले. तिने हाताने पूर्णा नदीकडची दिशा दाखवली. “पावसाळ्यातच निघून गेले तिकडं, येकलेच,” ती म्हणाली.