नानांचं शेवटचं गाऱ्हाणं

नाना परब देवाशी बोलताना आवाज चढवायचे, माणसांशी बोलताना पुटपुटायचे. आमच्या लालबागच्या चाळीत गणपती बसला की गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचाच. धोतर नेसून उभे राहायचे आणि खणखणीत मालवणीत सुरू व्हायचे, "बा गणपती म्हाराजा, लेकराबाळांक सुखी ठेव, नोकरीधंद्यात बरकत दी रे म्हाराजा!" प्रत्येक वाक्यामागे अख्खी चाळ ओरडायची, "व्हय म्हाराजा!" ऐकून कोण ओरडतो? सवयच ती.

दोन वर्षांपूर्वी आरतीच्या गर्दीत नानांच्या खिशातून मोबाईल गेला. "चोर! धरा त्येका!" नाना ओरडले. पोरांनी एकाला धरला आणि बुकलून काढला. सर्वांत पुढे नानांचा मुलगा विन्या. मोबाईल त्या पोराकडेच निघाला, हे खरं. पण त्याचा एक डोळा कायमचा गेला, हेही खरंच. पोलीस आले तेव्हा सगळ्यांचं एकच उत्तर, "साहेब, गर्दी होती, काही दिसलं नाही." नानाही तेच बोलले.

पुढच्या वर्षी नाना गाऱ्हाण्याला उभे राहिले. नेहमीची वाक्यं झाली आणि मध्येच, त्याच चालीत, म्हणाले, "गेल्या वर्साक तुझ्या दारात आमच्या हातान एका पोराचो डोळो गेलो. तो गुन्हो आमचो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळ गरजली. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. कुणी खाली बघू लागलं, कुणी विन्याकडे.

केवढा गहजब झाला! "म्हाताऱ्याला वेड लागलंय," मंडळाचे लोक म्हणाले. मीही भडकलो होतो. सगळ्या चाळीचा गुन्हा म्हणजे मग कुणाचाच नाही, मुलाला वाचवायची ही बरी युक्ती, असं मला वाटलं. सरळ विचारलं, "नाना, पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"बापूस आसंय रे मी," नाना पुटपुटले. "पोलिसाक सांगूक जीभ उचालली नाय. देवाक तरी खोटा कसा सांगू?"

राग धरावा तर समोर रडवेला म्हातारा. पाया पडावं तर तो पोरगा आठवायचा.

यंदा मे महिन्यात नाना गेले. झोपेतच. गाऱ्हाणं माझ्यावर आलं. मंडळाने बजावलं, "ते वाक्य तेवढं गाळ बाबा." गाळणारच होतो, देवाशप्पथ. पण नानांच्या चालीत बोलत गेलो आणि ते वाक्य तोंडातून निघूनच गेलं.

या वेळी चाळ सावध होती. कुणी हूं की चूं केलं नाही. पार मागून एकट्या विन्याचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

प्रसाद वाटून झाल्यावर तो जवळ आला. "उद्या चौकीवर येशील का रे माझ्याबरोबर? एकट्याने नाही जमणार."

त्याची दोन लहान मुलं बाजूला मोदक खात होती. आत्ताच अख्ख्या चाळीच्या वतीने देवाला सांगून आलेला मी. मला हो म्हणवेना आणि नको म्हणवेना.