नव्या चेंडूंचे डबे

युसुफभाईंची नात सना कुवेतला एगैलात राहते. महिन्याभरापूर्वी एका सकाळी तिचा फोन आला. "अंकल, दादाजान गेले..." एवढं ती मराठीत बोलली, पुढचं सगळं इंग्रजीत. रडायलाही या पोरांना इंग्रजीच सोपं पडत असावं. मी मात्र फोन ठेवून मराठीत मनसोक्त रडलो. साठ वर्षांची मैत्री होती आमची, आणि त्यातली पहिली काही वर्षं तर एकाच खोलीतली.

कुवेतच्या मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीत मी ड्राफ्ट्समन होतो, युसुफभाई स्टोअर्समध्ये क्लार्क. मी पुण्याचा, ते दाभोळ खाडीकाठचे. क्वार्टर्समधल्या एका खोलीत दोन खाटा आणि मध्ये एक कपाट. कपाट सगळं त्यांचंच. गावाहून आलेली चादर, बहिणीने दिलेला टॉवेल, बसऱ्याहून कुणी आणलेले काचेचे पेले, सगळं कागदात गुंडाळून आत. फाटका टॉवेल वापरायचे आणि नवा जपायचे. "पाहुणा आला तर?" हे त्यांचं उत्तर. त्या वाळवंटात आमच्याकडे कोण पाहुणा येणार होता, देव जाणे! पण मी तरी काय बोलणार, आमच्या आईनेही चांगल्या कपबशा फळीवरच म्हाताऱ्या केल्या.

संध्याकाळी युसुफभाई टेनिस खेळायचे. रत्नागिरीला कॉलेजात असताना शिकले होते, आणि काय सुरेख खेळायचे! क्वार्टर्समागचं कोर्ट म्हणजे वाळूवर कच्चं तेल ओतून, रूळ फिरवून घट्ट केलेली जमीन. त्या काळी चेंडू पांढरे असायचे, पण आमच्याकडे तासाभरात काळेकुट्ट व्हायचे. वारा सुटला की नाकातोंडात धूळ. पांढऱ्या कपड्यांत टेनिस खेळतात हे आम्हाला फक्त फोटोंवरून माहीत.

तिथेच बदर यायचा. ऑफिसात काम करणारा कुवेती तरुण. त्याच्या वडिलांची जहाजं पूर्वी मुंबईला खजूर घेऊन जायची, म्हणून घरात सगळ्यांना हिंदी यायचं. टेनिस त्याला युसुफभाईंनीच शिकवलं. आणि एके दिवशी तो धावत आला. कैरोला सगळ्या अरब देशांचे खेळ होणार होते आणि कुवेतच्या टेनिस संघात त्याची निवड झाली होती. शिकवणारा इंग्रज साहेब रजेवर मायदेशी गेलेला. तेव्हा चौघा खेळाडूंची तयारी युसुफभाईंनी करून घ्यावी, असं ठरलं.

माणूस नुसता उजळून निघाला. त्या देशात आमच्याकडे लोक येत ते सही घ्यायला नाहीतर सामान मागायला. पहिल्यांदाच कुणीतरी विश्वासाने काही सोपवलं होतं. युसुफभाई "आपली टीम" म्हणू लागले. मोठमोठ्या संघांपुढे चार नवशिकी पोरं, पदकाची बात कोण करतो? "एक मॅच," ते म्हणायचे, "एक मॅच जिंकली ना, मना बस हाय." रात्री झोपेतसुद्धा त्यांचा हात हलायचा.

संघासाठी बोटीने नव्या चेंडूंचे डबे आले. पत्र्याचे, हवाबंद. झाकण उघडलं की फुस्स करून आवाज येतो म्हणे. मी तो तेव्हा ऐकला नाही, कारण युसुफभाईंनी डबे उघडलेच नाहीत. थेट कपाटात, चादरीशेजारी! बदरने एकदा मागितले, तर म्हणाले, "अभी नहीं. मैच के लिए." सगळी तयारी त्याच जुन्या, तेल पिऊन जड झालेल्या काळ्या चेंडूंवर झाली. जाताना त्यांनी ते डबे बदरच्या बॅगेत स्वतःच्या हाताने ठेवले.

कैरोहून बातमी आली. चौघंही पहिल्याच फेरीत हरले. एकही मॅच नाही...

युसुफभाई त्या दिवशी जेवले नाहीत. मी आपला नेहमीचा शहाणपणा केला, खेळात हारजीत चालायचीच वगैरे.

बदर परत आला तो थेट कोर्टावर. आम्ही दोघं तिथेच होतो. युसुफभाई उठून उभे राहिले, पण त्यांना सलामही करवेना. बदर म्हणाला, "भाई, वहाँ हर मैच में नया गेंद देते थे. सफेद. हम मारते थे ज़मीन पे, जाता था आसमान में." आणि बॅगेतून त्याने डबे काढले. जसेच्या तसे, बंद. तिथे चेंडू स्पर्धेकडूनच मिळत होते, त्यामुळे आमच्या डब्यांना कुणी हात लावला नव्हता.

युसुफभाईंनी एक बंद डबा हातात घेतला. "चूक माजी हाय रे कुलकर्णी," मला म्हणाले, "पोरांची नाय. मीच ठेवून दिले."

बदरला मराठी कळत नव्हतं, पण तेवढं कळलं असणार. त्याने एक डबा उघडला. खरंच फुस्स करून आवाज झाला. "याल्ला भाई, खेलो." मग अंधार पडेपर्यंत दोघं खेळले. चेंडू कुंपणापलीकडे जात होते, बदर हसत होता, आणि युसुफभाई डोळे पुसत सर्व्हिस करत होते. पुढची कैक वर्षं बदर त्यांच्याकडेच शिकला. पण ती एक मॅच युसुफभाईंच्या मनातून कधीच गेली नाही.

डबा उघडला त्याच रात्री त्यांनी कपाट रिकामं केलं. नवी चादर माझ्या खाटेवर, पेल्यांत चहा. त्यानंतर या माणसाने माझ्या पाहण्यात तरी कुठलीही वस्तू ठेवून दिली नाही. माझ्या लग्नानंतर पुण्याला आले, डिनर सेट दिला आणि बायकोला दम भरला, "वहिनी, कपाटात गेला तर मी जेवणार नाय." पाच मिनिटांत साधा वरणभात त्या सोनेरी काठाच्या ताटांत!

गेल्या आठवड्यात दाभोळला जाऊन आलो. त्यांचा मुलगा इम्तियाज अंगणातच भेटला. आमच्या गप्पांमध्ये तो म्हणाला, "काका, अब्बांनी हजहून स्वतःचं कफन आणलं होतं, मक्केतल्या जमजमच्या पवित्र पाण्यात धुतलेलं. वर्षानुवर्षं पेटीत होतं. अब्बा गेले त्या दिवशी पेटी उघडली तर नाही! सगळीकडे शोधलं. मग अम्मीने सांगितलं. मागच्या पावसाळ्यात शेजारचे तांडेल गेले, होडीवरचे म्हातारे. मागेपुढे कुणी नव्हतं त्यांना. अब्बांनी आपलं कफन काढून त्यांना दिलं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय काका... सकाळी बाजारातून कोरं कापड आणलं. दुपारी ते अब्बांच्या अंगावर होतं."