कडू गोळी आणि बोंबलांची जोडी

"मुलीला डाउन सिंड्रोम आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे जन्मापासूनच पेशींमध्ये एक गुणसूत्र जादा. शिकायला वेळ लागणार. मी बोईसरला गोळ्यांच्या कारखान्यात मशीनवर. जगात दुखणं आहे म्हणजे त्यावर गोळी असणारच, ही माझी पक्की समजूत.

"कुठली गोळी?" मी विचारलं.

"गोळी नाही."

ते मी ऐकलंच नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जयू शाळेच्या वयाची झाली आणि मुंबईच्या एका इस्पितळात ट्रायल, म्हणजे औषधाची चाचणी, चालू असल्याचं कळलं. अशा मुलांना शिकणं सोपं जावं म्हणून. काहींना औषध, काहींना प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी कोरी गोळी. कुणाला काय, हे डॉक्टरांनाही शेवटीच कळणार होतं.

मला आधीच कळलं. मी गोळी चाटून पाहिली. कडूजहर. कोरी गोळी म्हणजे नुसता स्टार्च, ती कशाला कडू लागेल?

गावात, चिंचणीला, जयूला पाहून लोक विषय बदलायचे. इस्पितळाच्या बाकावर तशीच मुलं घेऊन बसलेले आईबाप होते. तिथे तरी बोलता आलं असतं. शेजारी नेहमी एक चष्मेवाला बाप असायचा. पण बोलताना 'कडू' तोंडून निसटलं आणि जयूला चाचणीतून काढलं तर? मी पेपरात तोंड खुपसायचो. एकदा पेपर उलटा होता. त्याने ते पाहिलं.

घरी रोज रंगीत झाकणं मांडून मी परीक्षा घ्यायचो. लाल मागितलं की जयू पिवळं द्यायची आणि हसायची. मी म्हणायचो, औषध मुरतंय.

"मुरायला ती काय लोणचं हाय?" बायको म्हणायची.

चाचणी संपली. डॉक्टर म्हणाले, "जयूला कोरी गोळी होती. खरी मिळाली त्यांच्यातही फरक दिसला नाही."

"पण कडू होती, साहेब."

"चाखून ओळखू नये म्हणून दोन्ही कडू केलेल्या. तुम्ही तर याच धंद्यातले ना?"

बाहेर आलो तर बाक रिकामा. इतके दिवस ज्याला खेटून बसलो, त्याचं नावही मला माहीत नव्हतं.

चिंचणीला पोचलो. जयूने हात सोडला आणि थेट किनाऱ्यावर, आईकडे पळाली. तिथे बोंबील वाळत घालणं चालू होतं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. जयू भराभर अडकवू लागली.

"ही कधी शिकली?"

"तुमी कामाला गेलात का रोज येते माझ्यासंगं," बायको म्हणाली. "तुमी इचारलंत कधी?"

मीही एक बोंबील उचलून दोरीवर टाकला. एकटाच. तो घसरून वाळूत पडला. जयूने तो उचलला, झटकला, त्याच्या जबड्यात दुसरा अडकवला आणि जोडी माझ्या हातात दिली.

तुम्ही कधी तशा बाकावर बसलात तर पेपर खाली ठेवा, शेजारच्याला नाव विचारा. माझा चष्मेवाला मला पुन्हा भेटला नाही. त्यानेही गोळी चाटली होती का, एवढं विचारायचं राहिलंय.