पालकाची सही

आमच्या घरात सध्या एकच विद्यार्थिनी आहे, आणि ती माझी आई आहे. वय सत्तेचाळीस. वीस वर्षं बेकरीत पीठ मळलं, भट्टी सांभाळली, आणि मी नोकरीला लागले त्याच महिन्यात बाईसाहेबांनी जाहीर केलं, "आता मी शिकणार." फूड टेक्नॉलॉजी, चार वर्षांची पदवी! बाबा म्हणाले, "शीक की." बाबांचं सगळं 'की' लावून भागतं.

कॉलेजातली पोरं तिला मावशी म्हणतात आणि परीक्षा आली की तिच्या वह्यांवर तुटून पडतात. घरी मात्र थाट विचारू नका. तिचं पुस्तक उघडलं की आम्ही चपला न वाजवता चालायचं. माझ्या दहावीला या घरात मिक्सर चालू असायचा, हे मी तिला दर आठवड्याला ऐकवते.

तर दुसरं वर्ष संपलं आणि इंटर्नशिपचं भूत मानगुटीवर बसलं. हवं तर सरळ तिसऱ्या वर्षाला जा, नाहीतर मध्ये एक वर्ष कारखान्याच्या लॅबमध्ये काम करा आणि मग पुढचं शिका. सक्ती नाही. सक्ती नसली की आईचं डोकं चालतच नाही.

"म्हणजे पदवी हातात पडेपर्यंत मी पन्नास!"

"आणि इंटर्नशिप नाही केलीस तर?"

"एकोणपन्नास."

"मग एकोणपन्नासाव्या वर्षी कंपन्या दारात रांग लावणार आहेत का?"

तिला लॅबमध्येच नोकरी हवी होती, आणि बेकरीची वीस वर्षं लॅबवाले हिशेबात धरत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं. पण एक अख्खं वर्ष! तिनं भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सल्ला विचारला. डॉक्टर तेवढे वाचले, कारण तेव्हा तोंड तिचंच उघडं होतं.

शेवटी पाव-बिस्किटांच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेली. परगावी, बसनं पाच तास. परत आली ती तोंड एवढंसं करून. खोदखोदून विचारलं तेव्हा कळलं. लॅबचा मुख्य माझ्याच वयाचा. त्यानं तिच्यासमोर झाकलेल्या भांड्यात पिठाचा नमुना ठेवला, झाकण काढलं आणि विचारलं, "मॅडम, आधी कुठलं मोजमाप घ्याल?" त्याचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं, तोवर आईचा अंगठा पिठात! दाबून वर म्हणते कशी, "अजून दहा मिनिटं फुगू दे रे."

अख्खी लॅब बघत राहिली. नमुना फेकून द्यावा लागला. "मॅडम, नमुन्याला हात लावायचा नसतो," तो बिचारा म्हणाला.

माझी हसून हसून पुरेवाट झाली. आई मात्र हसली नाही.

"दात काढू नकोस. ज्या हातानं वीस वर्षं पोट भरलं, तो म्हणे खिशात घालून उभं राहायचं. आणि तेही तुझ्या वयाच्या पोरांपुढे अडाणी ठरून. नको बाई. सरळ तिसऱ्या वर्षाला जाते."

माझंही डोकं फिरलं. "मग ॲडमिशन तरी कशाला घेतलीस? मळत बसायचं होतंस पीठ!"

जीभ जरा जास्तच चालली. दोन दिवस अबोला. मी समोर बसलेली असताना बाबांना सांगायची, "तिला म्हणावं, डबा भरलाय."

तेवढ्यात कारखान्याचं पत्र आलं. निवड झाली होती! शुक्रवारपर्यंत कळवा म्हणे. बुधवारी जेवताना आई एकदम बोलू लागली, तीही थेट माझ्याशी.

"लॅबमधल्या त्या मुलानं नंतर त्याच पिठाचा दुसरा नमुना मशीनला लावला. फुगायला दहाच मिनिटं निघाली."

"मग? जिंकलीस ना!"

"कसली जिंकले? दहा लागणार हे मला कळलं. का लागणार, ते सांगता येईना. मग त्यानं फळ्यावर काढून दाखवलं." तिनं घास तसाच हातात धरला होता. "वीस वर्षं रोज ती दहा मिनिटं थांबले गं मी. का थांबते, ते त्या दिवशी कळलं. अजून असं किती असेल! मी जाते."

"आणि पन्नाशी?"

"ती काय, घरी बसले तरी येणारच आहे."

"जा की," बाबा म्हणाले.

शुक्रवारी सकाळी कॉलेजचा इंटर्नशिपचा फॉर्म भरायला घेतला, तर खाली चौकट: पालकाची सही. एकोणीस वर्षांच्या पोरांसाठी छापलेला फॉर्म तो. कॉलेजच्या कारकुनानं आधीच बजावलं होतं, सही नसेल तर फॉर्म घेणार नाही, वयबिय काही सांगू नका. आजी-आजोबा आता नाहीत. बाबांनी हात वर केले. "मी नवरा आहे, पालक नव्हे." राहिले मी.

मग काय, आम्ही खुर्ची ओढून ऐटीत बसलो. घसा खाकरून विचारलं, "काय हो, मुलीची वागणूक कशी आहे?"

"मुकाट्यानं सही कर."

पेन टेकवलं आणि वरची ओळ वाचली. 'माझ्या पाल्यास एक वर्ष परगावी राहू देण्यास माझी संमती आहे.'

हात थांबला. एक वर्ष. बसनं पाच तास. इतके दिवस जा जा म्हणून तिच्या मागे लागलेली मीच, आणि आता मला ती जायला नको होती. अजिबात नको होती. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी फॉर्म उगाच उलटून पाहिला. मागं कोरा होता.

आईनं ओळखलंच. म्हणाली, "कर गं. तू हॉस्टेलला निघालीस, तेव्हा तुझ्या फॉर्मवर पण हीच ओळ होती."

"मग तू काय केलंस?"

"स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, आणि येऊन सही केली."

मी उठून पाणी प्यायला गेले.